सामाजी हसाजी दिवेकर यहुदी कसे? बेने इस्राएलांच्या आडनावांविषयी

मुंबईत मांडवी भागात १७९६ साली शहरातलं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. ते बांधणाऱ्या गृहस्थांचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. हे नाव कुणालाही नुसतं वाचून दाखवा. ऐकणारा म्हणेल, कोकणातला कुणी मराठी माणूस असणार, दिवे गावचा. त्यात चूक काहीच नाही. माणूस कोकणातला होता, मराठीच बोलत होता, ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत अंमलदार होता आणि यहुदी होता. इंग्रजी कागदांत हेच गृहस्थ सॅम्युअल इझिकेल दिवेकर म्हणून भेटतात.

मंडळाकडे येणाऱ्या जुन्या कागदांची सूची करायचं काम माझ्याकडे आहे. लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, वर्गणीच्या याद्या, पलटणीतल्या माणसांची पेन्शनची कागदपत्रं असं बरंच काही येत असतं. सूची करताना पहिला प्रश्न पडतो तो हा, की हे नाव कोणत्या समाजाचं, कोणत्या गावचं? यहुदी नावांपाशी हा प्रश्न फारच अडवतो. म्हणून बेने इस्राएल समाजाची आडनावं कशी घडली आणि ती कशी वाचावीत, हे एका ठिकाणी मांडावं असं वाटलं. आपण बडोद्याची, इंदूर-ग्वाल्हेरची, बेळगावची मराठी माणसं. न पाहिलेल्या गावाचं नाव आडनावात बाळगून चार-चार पिढ्या परमुलखात काढणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आधी थोडं युरोपाकडे

यहुदी आडनाव म्हटलं की बहुतेकांना गोल्डबर्ग, रोझेनबर्ग, कोहेन अशी नावं आठवतात. पण युरोपातल्या बहुसंख्य यहुद्यांना अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कायमचं आडनाव नव्हतंच. नाव सांगायची जुनी रीत साधी होती: अमुक बेन तमुक. 'बेन' म्हणजे मुलगा. याकोबचा मुलगा मोशे असेल तर तो मोशे बेन याकोब, आणि मोशेचा मुलगा दावीद असेल तर तो दावीद बेन मोशे. दर पिढीला मागचा शब्द बदलायचा. सिनेगॉगात आणि धर्मकार्यात आजही हीच रीत चालते.

सरकारला मात्र करवसुलीला आणि सैन्यभरतीला न बदलणारं नाव हवं होतं. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८७ मध्ये यहुद्यांना कायमची जर्मन आडनावं घ्यायला लावली. नेपोलियनने १८०८ मध्ये तसाच हुकूम काढला. प्रशियात १८१२ साली नागरिकत्व हवं असेल तर ठरावीक आडनाव घ्या, अशी अट आली. मग लोकांनी जे सुचलं ते घेतलं. कुणी धंद्यावरून घेतलं, जसं श्नायडर म्हणजे शिंपी. कुणी गावावरून घेतलं. बर्लिनचा तो बर्लिनर, फ्रँकफर्टचा तो फ्रँकफर्टर. काही नावं धर्मातल्या पदांवरून जुनीच होती. कोहेन म्हणजे याजक कुळातला, लेवी म्हणजे लेवीच्या वंशातला. 'कात्झ' हा शब्द मांजरावरून आला असं पुष्कळांना वाटतं, पण तो 'कोहेन त्सेदेक', म्हणजे धर्मशील याजक, या दोन शब्दांचं संक्षिप्त रूप आहे.

नेपोलियनच्या हुकुमातली एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. नव्याने आडनाव घेणाऱ्याला दोन प्रकारची नावं घ्यायला त्यात बंदी होती. एक, जुन्या करारातली नावं. दोन, शहरांची नावं. आणि बेने इस्राएलांची आडनावं बघा, ती नेमकी याच दोन प्रकारांची आहेत! एक तर गावाची, नाही तर जुन्या करारातल्या पुरुषांची. फरक इतकाच, की गावावरून आलेली नावं घ्या म्हणून इथे कुणी हुकूम काढला नव्हता. ती कोकणच्या रीतीने आपोआप पडली.

कोकणातले शनवार तेली

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते की पूर्वज ज्या गलबतातून आले ते चौल बंदराच्या उत्तरेला नवगावजवळ फुटलं, आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावला पुरलं, तिथे आज स्मारक आहे. वाचलेले लोक आणि त्यांचे वंशज आसपासच्या खेड्यांतून पांगले. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. हिब्रू भाषा विसरली गेली. टिकला तो शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि 'शमा इस्राएल' ही प्रार्थना.

तेल्याचा धंदा असा, की एका खेड्यात फार तर एखाद-दुसरं घर पोट भरू शकतं. म्हणून हा समाज एका जागी वस्ती करून न राहता कुलाबा जिल्ह्यात (आजचा रायगड) आणि जंजिरा संस्थानात घराघराने विखुरला. आडनावांची गोष्ट इथे सुरू होते.

'कर' हे निघून गेल्याचं नाव

किहीम गावात राहणाऱ्याला किहीममध्ये कुणी किहीमकर म्हणत नाही. सगळेच किहीमचे! तो रेवदंड्याला नाही तर मुंबईला गेला, की तिथले लोक विचारतात, कुठला? किहीमचा. झाला किहीमकर. म्हणजे 'कर' लागलेलं आडनाव बहुधा गाव सुटल्यावर, निदान गावाबाहेरच्या माणसांशी व्यवहार पडल्यावर चिकटतं. बेने इस्राएलांच्या बाबतीत हे अगदी चपखल बसतं. लग्न जमवायचं तर सोयरा दुसऱ्या खेड्यातच शोधावा लागणार. आणि अठराव्या शतकाच्या मध्यापासून घरं मुंबईला जाऊ लागली, पलटणीत, गोदीत, बांधकामावर. तिथे सगळ्या गावांचे लोक एकत्र आले तेव्हा कोण कुठला हे सांगायला गावाचं नाव लागलंच.

ही आडनावं शंभराहून अधिक आहेत. त्यांतली काही नकाशावर ठेवून बघा. अलिबागहून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की नवगाव, किहीम, आवास ही गावं लागतात: नवगावकर, किहीमकर, आवासकर. आत वळलं की झिराड. त्या गावाचे लोक 'कर' न लावता नुसतंच झिराड म्हणवतात. दक्षिणेला नागाव आणि चौल: नागावकर आणि चेऊलकर. पूर्वेला पेझारी: पेझारकर. पुढे पेण: पेणकर. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी: रोहेकर आणि अष्टमकर. खाली मुरुड-जंजिऱ्याकडे राजपुरी आणि दांडा: राजपूरकर आणि दांडेकर. हे सगळे ठिपके जोडले की अठराव्या शतकाआधी हा समाज कुठे कुठे राहत होता त्याचा नकाशा समोर येतो. त्या काळातलं या खेड्यांतल्या तेल्यांचं वेगळं लेखन जवळजवळ नाहीच. त्यामुळे हा नकाशा दुसऱ्या कुठल्या दप्तरात सापडायचा नाही, तो या माणसांच्या आडनावांतच आहे.

दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. आडनावातलं गाव म्हणजे मूळ गाव नव्हे, ते कोकणातलं शेवटचं गाव असू शकतं. नवगावला गलबत फुटलं म्हणून नवगावकर हे काही सगळ्यांत जुने ठरत नाहीत. आणि एकाच गावातून वेगवेगळी घरं निघालेली असू शकतात, म्हणून दोन पेणकर भाऊबंदच असतील असं नाही. आडनाव गाव सांगतं, वंश सांगत नाही.

वंशावरून पडलेली आडनावं या समाजात जवळजवळ नाहीत, हेही ध्यानात घेण्यासारखं आहे. युरोपात, बगदादेत कोहेन आणि लेवी सर्वत्र सापडतात. बेने इस्राएलांत याजक आणि लेवी अशी कुळांची वेगळी परंपरा चालत आलेली नव्हती. मान होता तो काझीचा. दावीद रहाबी नावाच्या एका यहुदी पाहुण्याने या लोकांना धर्म पुन्हा शिकवला आणि तीन घराण्यांतले तीन जण शिकवून तयार केले, अशी परंपरा आहे. त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढेच मासे निवडून घेतले, त्यावरून हे यहुदी असल्याची त्याची खात्री पटली, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे. ती तीन घराणी म्हणजे झिराड, राजपूरकर आणि शापूरकर. तिन्ही नावं गावांचीच. धर्माचा अधिकार मिळाला तरी आडनाव कोकणातल्या गावाचंच राहिलं.

तीन शब्दांचं नाव

आता पुन्हा सामाजी हसाजी दिवेकर हे नाव घ्या. सामाजी म्हणजे शमुएल. हसाजी म्हणजे यहेज्केल. अब्राहामचा आबाजी, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी अशी जुन्या करारातली नावं 'जी' लावून शिवाजी, तानाजी यांच्या पंगतीला बसली. मधलं नाव बापाचं, ही मराठी रीत. पण 'शमुएल बेन यहेज्केल' ही यहुदी रीतही तीच! मधला 'बेन' तेवढा मराठीत उच्चारत नाहीत. म्हणजे पहिले दोन शब्द सिनेगॉगात चालतात आणि तिसरा शब्द कोकणात. दोन्ही परंपरा एका नावात काही ओढाताण न होता मावल्या, कारण बापाचं नाव मध्ये घालायची सवय दोघांचीही होती.

एकोणिसाव्या शतकात पहिल्या शब्दाचं रूप पालटलं. कोचीनचे यहुदी शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरण मराठीतून छापलं. बायबलमधली नावं मूळ रूपात कळू लागली आणि सामाजीचा सॅम्युअल झाला, हसाजीचा इझिकेल झाला. त्या पिढीतल्या विद्वानांनी गावाचं नाव मात्र सोडलं नाही. समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहिमकर हे किहीमचं नाव लावत. त्यांचा ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला होता, पण छापून निघाला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला. हिब्रूतले ग्रंथ मराठीत आणणारे जोसेफ इझिकेल राजपूरकर हे राजपूरकर म्हणूनच ओळखले गेले.

'कर' गळाला तो असा

नाव मोडलं ते पलटणीत, रेल्वेत, कचेरीत आणि कॉलेजात. इंग्रजी नोंदीत पहिलं नाव आणि शेवटचं नाव पुरे. तिथे बापाचं नाव शेवटी येऊन बसलं आणि गाव बाहेर पडलं. सोयही होती. सॅमसन, रूबेन, बेंजामिन ही नावं साहेबाला उच्चारता येत, वक्रुळकर येत नसे. काही घरांत पुढे दोन-तीन पिढ्या मागचं नाव बदलत राहिलं आणि मग एका बापाच्या नावावर येऊन गोठलं. व्हाइस अ‍ॅडमिरल बेंजामिन अब्राहाम सॅमसन यांचं नाव बघा, तिन्ही शब्द जुन्या करारातले. नर्तकी लीला सॅमसन या त्यांच्या कन्या. अहमदाबादच्या कांकरियाचं प्राणिसंग्रहालय उभं करणारे रूबेन डेव्हिड यांच्याही नावात गाव नाही. नुसतं नाव वाचून या घरांचा कोकणाशी संबंध कुणाच्या ध्यानात यावा?

मुंबईत महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा ई. मोझेस रोड रोज हजारो लोक वापरतात. ते बगदादी श्रीमंत असतील किंवा कुणी इंग्रज असतील असा पुष्कळांचा समज. प्रत्यक्षात ते डॉ. एलायजा मोझेस राजपूरकर, १९३७-३८ चे मुंबईचे महापौर. पाटीवरून राजपुरी गळालं आणि माणूस परका झाला. उलट बाजूने सिनेमातले डेव्हिड घ्या, 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा. पडद्यावर नुसतं डेव्हिड, पण पूर्ण नाव डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. आडनाव कळलं की चौल डोळ्यांपुढे येतं. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) ज्यांच्या नाटकावरून झाला ते जोसेफ डेव्हिड हेही पेणकर. डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म शिवमोग्याचा, कीर्ती मुंबईच्या कामा हॉस्पिटलातली, १९६६ ची पद्मश्री. पण आडनावापुरतं झिराड गाव अजून त्यांच्या बरोबर आहे.

जुन्या कागदांत ही नावं कशी ओळखावीत

दांडेकर, दिवेकर, घोसाळकर, कोलटकर ही आडनावं बेने इस्राएलांत आहेत आणि हिंदूंतही आहेत. कोकणी मुसलमानांतही 'कर' लावतात. म्हणून आडनावावरून समाज ठरवू नये. पाहायचं ते पूर्ण नाव. आडनाव गावचं, आणि पहिलं व मधलं अशी दोन्ही नावं जुन्या करारातली असतील तर शक्यता बळकट होते. इसाजी, मुसाजी अशी 'जी' लावलेली नावं असतील तर शेजारचे शब्द बघावेत. जात किंवा धंद्याच्या रकान्यात 'इस्राएल', 'यहुदी', 'शनवार तेली', 'तेली' यांपैकी काही आहे का? आणखी एक खूण म्हणजे 'मशीद' हा शब्द. बेने इस्राएल लोक आपल्या सिनेगॉगला बोलण्यात मशीदच म्हणत. सामाजींनी बांधलेलं सिनेगॉग ती जुनी मशीद, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं समाजात सांगतात. तेव्हा 'मशिदीस वर्गणी दिली' एवढ्यावरून देणाऱ्याला मुसलमान ठरवू नये.

बायकांच्या नोंदीत विशेष जपावं लागतं. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. माहेरचं गाव लग्नपत्रिकेतच सापडलं तर सापडलं. म्हणून पत्रिकेतली दोन्हीकडची नावं उतरवून घ्यावीत.

आज हे का करायचं

१९४८ नंतर समाजातली बहुसंख्य घरं इस्राएलला गेली. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे मराठी बोलणाऱ्यांच्या वस्त्या झाल्या. तिथे एक कसोटीची वेळ आली. १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असा आदेश काढला. लोकांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचं मान्य केलं. त्या देशात पोलंडचे, मोरोक्कोचे, इराकचे असे सगळीकडचे यहुदी होते, पण आडनावाच्या शेवटी 'कर' फक्त यांच्या. ज्या शब्दावरून परकेपण चटकन ओळखू यावं, तोच शब्द आपण कुठून आलो याची एकमेव नोंद! नव्या देशात जुनी आडनावं टाकून हिब्रू आडनावं घ्यायची मोठी रीत होती, तरीही पुष्कळांनी 'कर' ठेवला.

इकडे कोकणात आता या समाजाची घरं फार थोडी आहेत. अलिबागची इस्राएल आळी नावाने आहे, रेवदंड्याचं, पेणचं, पनवेलचं सिनेगॉग उभं आहे, दफनभूमीतल्या दगडांवर हिब्रूच्या बरोबरीने मराठी अक्षरं आहेत. दगड झिजतात, कागद वाळवी खाते. पूर्ण नाव एकदा उतरून ठेवलं की त्यातलं गाव राहतं.

म्हणून एक विनंती. आपल्याकडे जुनी यादी, शाळेचा पट, पलटणीची नोंद, एखाद्या फोटोच्या मागची नावं असं काही असेल आणि त्यात यहुदी नाव दिसलं, तर ते जसं लिहिलं आहे तसंच, तिन्ही शब्दांसकट उतरवा. सामाजीचा सॅम्युअल करू नका, सॅम्युअलचा सामाजी करू नका. आणि आडनाव लांब आहे म्हणून शेवटचा शब्द गाळू नका. सामाजी हसाजी नावाचे गृहस्थ कुठलेही असू शकतात, ते कोकणातले हे सांगणारा शब्द 'दिवेकर' आहे.